चाळीस हात

आमच्या दैनिकाच्या चौथ्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढी एक चौकट असते. तिच्यावर ‘दुरुस्ती’ असं लिहिलेलं असतं. काल छापलेल्यात काय चुकलं, ते आज तिथे येतं. वाचकांपैकी फार थोडे ती वाचतात. जळगावच्या कार्यालयात मात्र सकाळी आलेला प्रत्येक जण आधी तीच बघायचा, कारण ती नाना लिहीत.

नाना म्हणजे मुरलीधरनाना, आमचे मुद्रितशोधक. चौतीस वर्षं त्यांनी नोकरी केली, साठाव्या वर्षी निवृत्त झाले, नारळ घेतला, शाल घेतली आणि पुढच्या सोमवारी नेहमीच्या वेळेला येऊन नेहमीच्या खुर्चीत बसले. संपादकांनी विचारलं, "नाना, काही राहिलं का?"

"रोजच राहतं," नाना म्हणाले.

त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. अर्धवेळ म्हणून ते आणखी अकरा वर्षं येत राहिले.

उंची बेताची. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. खिशात एक लाल, एक निळी पेन्सिल. डाव्या भुवईत बोटभर जागा अशी, की तिथे केस उगवत नव्हते. वाचताना ओळीखाली लाकडी फूटपट्टी धरत आणि ती ओळीओळीने खाली सरकवत. संगणक आल्यावरही त्यांनी पट्टी सोडली नाही. पडद्याला पट्टी लावून वाचणारा दुसरा माणूस पाहण्यात नाही.

वाक्यांच्या खुणा ते बोलण्यातही वापरत. दुपारी चार वाजता लाल पेन्सिल कानावर ठेवून "स्वल्पविराम" म्हणत आणि खाली चहाला जात. वाद लांबला की "पूर्णविराम" म्हणत आणि तोंड फिरवत. पूर्णविरामानंतर संपादकही बोलत नसत.

त्यांचे प्रश्न दोनच होते. पहिला, "मोजलं का?" वादळाच्या बातमीत एकदा ‘शंभर वर्षांचा वड कोसळला’ असं आलं. नानांनी बातमीदाराला बोलावलं.

"वड कोसळला हे बरोबर. शंभर कोणी मोजली?"

"गावातले लोक म्हणतात, नाना."

"मग तसं लिहा. गावातले लोक म्हणतात, शंभर. वड काही म्हणाला नाही."

दुसरा प्रश्न, "राहिलं काय?" चूक दिसते, राहिलेलं दिसत नाही, असं ते नवीन मुलांना सांगत. तालुक्याच्या एका शाळेत बक्षीस समारंभ झाला, त्याची बातमी आली. नानांनी ती दोनदा वाचली आणि परत दिली.

"व्यासपीठावरची अकरा नावं आहेत. बक्षीस घेणारीचं राहिलं."

बातमीदाराने शाळेत फोन लावला. मुलीचं नाव आलं. जागा नव्हती, म्हणून व्यासपीठावरची दोन नावं गेली. ते दोघं दुसऱ्या दिवशी कार्यालयात आले. नानांनी त्यांना चहा पाजला. दुरुस्ती दिली नाही.

असा हा माणूस चहाच्या टपरीवर मात्र वेगळा होई. तिथे ते रावेरकडच्या आपल्या गावाच्या, लहानपणाच्या गोष्टी सांगत. त्या ऐकल्यावर पहिला विचार हाच येई, की या बातम्या म्हणून आल्या असत्या तर नानांनी एकही पास केली नसती.

तेव्हा रावेरची केळी रेल्वेच्या वॅगनींतून उत्तरेकडे जात. स्टेशनाच्या साइडिंगला वॅगनी ओळीने उभ्या असत. मुलांचा खेळ असा, की एका वॅगनीच्या टपावरून पळत येऊन पुढच्या वॅगनीच्या टपावर उडी मारायची. न थांबता पाच ओलांडेल तो त्या दिवसाचा राजा. एकदा नाना चौथीवर असताना गाडी हलली. उतरायचा धीर झाला नाही. टपावर पालथे पडून ते पुढच्या स्टेशनापर्यंत गेले. तिथल्या पॉइंट्समनने त्यांना खाली उतरवलं, दोन कानाखाली दिल्या, दोन केळी दिली आणि परतीच्या मालगाडीत गार्डाजवळ बसवून पाठवलं.

"नाना, मार आधी की केळी आधी?" एकाने विचारलं.

"मार. क्रम महत्त्वाचा आहे."

भुवईची खूण गोफणीची. ज्वारीवरची पाखरं हाकायला घराघरात गोफण असायची. पाखरं नसली की मुलं एकमेकांना उभं करत. एकाने डोक्यावर मडकं घेऊन बांधावर उभं राहायचं, दुसऱ्याने वीस पावलांवरून ते फोडायचं. "त्या दिवशी मडकं शाबूत राहिलं," एवढंच नाना सांगत आणि चहा पीत.

या गोष्टींना ‘आमच्या वेळी’चा सूर नव्हता. टपरीवर त्यांच्या वयाचे आणखी दोघं-तिघं येत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. हल्लीची पोरं नाजूक, मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, आम्ही कसे पडत-झडत वाढलो. नाना त्यात कधी सामील झाले नाहीत. त्यांची नात कॉलनीत सायकल शिकत होती, तेव्हा तिच्या डोक्यावर हेल्मेट होतं, दोन्ही गुडघ्यांना स्पंज बांधलेला होता आणि मागे नाना शिट्टी घेऊन चालत होते. रिक्षा दिसली की शिट्टी. कुत्रा दिसला की शिट्टी. शेवटी नातच म्हणाली, "नाना, तुम्ही घरी जा ना, सगळे हसतात."

"हसू दे. हसणाऱ्यांना पुढे लाव, म्हणजे मला रिक्षा दिसणार नाहीत, शिट्टीही वाजणार नाही."

मी त्यांना विचारलं होतं, की वॅगनीवरून उड्या मारणाऱ्या माणसाला सायकलीची एवढी भीती कशी.

"आम्ही वाचलो, म्हणून गोष्ट सांगतो," नाना म्हणाले. "जो वाचला नाही तो टपरीवर येतो का सांगायला? नशीब होतं. नशिबावर पोरं वाढवायची नसतात. पूर्णविराम."

रविवारच्या पुरवणीचं काम माझ्याकडे होतं. उन्हाळ्यात आम्ही ज्येष्ठ वाचकांकडून लहानपणच्या खेळांवर लेख मागवले. विटीदांडूचे सतरा लेख आले. संपादकांनी नानांना बोलावून सांगितलं, "टपरीवर सांगता ते लिहा." नानांनी तीन आठवडे नाही म्हटलं. चौथ्या आठवड्यात चार पानं माझ्या टेबलावर ठेवली. लेखाचं नाव ‘तळ’.

लेख विहिरीचा होता. त्यांच्या वडिलांच्या मळ्यातली मोटेची विहीर. पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला केळीच्या खोडाचा तुकडा बांधत, सोपटाच्या, म्हणजे केळीच्या वाळक्या सालीच्या, दोरीने. केळीचं खोड हलकं, ते बुडू देत नाही. पोहता यायला लागलं की खोड सुटायचं आणि खेळ सुरू व्हायचा. खेळाचं नाव तळ आणणे. मोट चालायची त्या दगडी काठावरून उडी मारायची, बुडी घेऊन तळाला जायचं आणि मूठभर गाळ आणून दाखवायचा. मुठीत गाळ नसेल तर उडी मोजत नसत. वयाच्या नवव्या वर्षी, वैशाखातल्या एका दुपारी, नानांनी खोडाशिवाय पहिली उडी मारली. लेख तिथे संपत होता: दम संपत आला, डोळ्यांसमोर अंधार आला, मुठीत गाळ घेऊन वर आलो.

हस्तलिखितात हे शेवटचं वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेलं होतं. नाना खोडाखोड करत नसत. मला ते शैलीचं प्रकरण वाटलं.

मी बोट ठेवलं ते दुसऱ्या वाक्यावर: विहीर चाळीस हात खोल होती.

"नाना," मी म्हटलं, "मोजलं का?"

आजूबाजूच्या चार टेबलांवर हसू फुटलं. नाना हसले नाहीत.

"मी स्वतः मोजली आहे. दोरीला दगड बांधून. पूर्णविराम."

लेख छापला. आठ दिवसांनी पत्र आलं. नियमाप्रमाणे वाचकांची पत्रं आधी नानांकडे जात, म्हणून ते पहिल्यांदा त्यांनीच वाचलं. वहीच्या पानावर, शाळकरी अक्षरात, कोणीतरी सांगितलेलं कोणीतरी उतरवून घेतलं होतं.

‘संपादकांस नमस्कार. तुमच्या पेपरात विहीर चाळीस हात छापली आहे. ती तीस हात आहे. आमच्या वडिलांनी, बापूंनी, खणली तेव्हा मोजली होती. दुसरं, लेखात एक गोष्ट राहिली आहे. ती लेखकाला विचारावी.’

खाली नाव होतं आणि गावाचं नाव. नानांनी पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि पट्टी त्या नावाखाली धरली.

"सुमनअक्का. माझी थोरली बहीण."

"दुसरी गोष्ट काय राहिली आहे?"

नानांनी पट्टी उचलली. पत्राची घडी घातली.

कार्यालयाचा नियम नानांनीच घालून दिलेला होता. वाचकाने चूक दाखवली की जागेवर जाऊन खात्री करायची, चूक निघाली तर आठवड्याच्या आत दुरुस्ती छापायची. दुरुस्तीत चुकणाऱ्याचं नाव येत नसे, पण ते कार्यालयातल्या सगळ्यांना ठाऊक असे. पंचेचाळीस वर्षांत त्या चौकटीत संपादकांची चूक आली होती, मालकांच्या मेहुण्यांची आली होती, माझ्या तर अनेक आल्या. नानांची एकही नव्हती.

संपादक म्हणाले, "नाना, जाऊ द्या. घरचं पत्र आहे. लहानपणीची विहीर, दहा हात इकडे-तिकडे."

"दहा हातांत माणूस बुडतो," नाना म्हणाले आणि मला विचारलं, "उद्या मोकळे आहात का?"

सकाळच्या पॅसेंजरने आम्ही निघालो. नानांच्या पिशवीत पन्नास फुटांची टेप होती. भुसावळला गाडी बराच वेळ थांबली. सुटताना मी दाराशी उभा होतो, तर नानांनी मागून शर्ट धरून मला आत ओढलं. रावेरपर्यंत त्यांनी मला खिडकीशीही कोपर बाहेर काढू दिलं नाही. स्वतः मात्र निंभोऱ्यापुढे साइडिंगला उभी असलेली मालगाडी दिसली, तशी ते तिच्या वॅगनी मोजत राहिले.

रावेरला उतरल्यावर त्यांची भाषा बदलली. कार्यालयात नाना ‘ळ’ इतका ठासून उच्चारत, की नवीन मुलं नक्कल करत. रावेरच्या रिक्षावाल्याशी बोलताना त्या ‘ळ’चा ‘य’ झाला. केळीची केयी झाली. मी बघतोय हे लक्षात आल्यावर ते म्हणाले, "इथे हेच शुद्ध आहे."

सुमनअक्काचं सासर नानांच्याच गावात, माहेरापासून दोन गल्ल्यांवर. वय पंच्याहत्तर. अंगाने लहान, आवाजाने मोठी. अंगणात खाटेवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले होते आणि त्या हातात काठी घेऊन कोंबड्यांवर लक्ष ठेवून होत्या. शेजारी वही घेऊन एक मुलगी बसली होती. ती अक्कांच्या नातीची मुलगी, वय नऊ. पत्राचं अक्षर तिचं.

"आला का रे मुरली?" अक्का उठल्या नाहीत. "पेपरात खोटं छापतं, अन् मंग मोजाले येतं?"

"मोजूनच छापलं आहे, अक्का."

"मंग आज पुन्हा मोज. हे साहेब कोन?"

"आमच्या पुरवणीचे संपादक."

"यांनी नही मोजली का छापायच्या आंदी?"

अक्कांनी पाण्याचा तांब्या दिला, बिबडे दिले आणि मुलीला कोंबड्या राखायला बसवण्याऐवजी सोबत घेतलं. आम्ही चौघं मळ्यात गेलो.

विहिरीला पाणी नव्हतं. शेजारी बोअर होता आणि ठिबकच्या काळ्या नळ्या केळीत शिरल्या होत्या. मागच्या उन्हाळ्यात पुतण्याने विहिरीतला गाळ काढून घेतला होता, त्यामुळे तळाचा कातळ स्पष्ट दिसत होता. मोटेचा दगडी काठ शाबूत होता. दगडावर दोराने पडलेल्या खाचा होत्या.

नानांनी टेपला दगड बांधला. काठापासून दीड हात मागे उभे राहिले, मला कमरेच्या पट्ट्याला धरायला सांगितलं आणि टेप सोडली. दगड कातळाला लागल्याचा आवाज आला. आकडा मी वाचला, मग त्यांनी वाचला. पंचेचाळीस फूट.

मग त्यांनी आपला उजवा हात टेपवर ठेवला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत अठरा इंच. दीड फुटाचा हात. पंचेचाळीस भागिले दीड. हा भागाकार करायला कागद लागत नाही, तरी नानांनी खिशातून कागद काढला, केला आणि खाली दोन रेघा मारल्या.

"तीस," ते म्हणाले.

"मी सांगतलंच व्हतं," अक्का म्हणाल्या.

लाल पेन्सिल नानांच्या कानावर होती. ती काढून त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत ‘दुरुस्ती’ लिहिलं. त्यांचा हात सावकाश चालत होता. पंचेचाळीस वर्षांत मी त्यांना दुसऱ्यांच्या शेकडो चुकांवर तो शब्द लिहिताना पाहिलं असेल असं म्हणणार होतो; पण माझी नोकरी एकवीस वर्षांची आहे.

अक्कांनी भावाकडे पाहिलं. मग विहिरीकडे पाहिलं.

"मुरली, तू तवा कशी मोजली व्हती?"

"दोरीले दगड बांधून."

"दोरी कोनाच्या हातानं मोजली?"

"माझ्या."

"केवढा व्हता तू?"

नानांची पेन्सिल थांबली.

ते मुलीकडे वळले. "बाळ, हात दाखव." तिने तळहात पुढे केला. "तसा नाही. आडवा." तिचा हात टेपवर ठेवला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेतेरा इंच. नानांनी दोनदा पाहिलं, मला पाहायला लावलं आणि कागद गुडघ्यावर घेऊन गुणाकार केला. साडेतेरा गुणिले चाळीस. पाचशे चाळीस इंच. भागिले बारा.

पंचेचाळीस फूट.

"ओ माय!" अक्का म्हणाल्या. "मंग बापूचे तीस खरे, अन् तुये चायीसबी खरे?"

"हात वेगळे," नाना म्हणाले. चेहरा असा, की जणू स्टेशनावर पाचवी वॅगन ओलांडून उभे आहेत. त्यांनी ‘दुरुस्ती’ हा शब्द खोडला नाही. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मुलीने विचारलं, "मग माझ्या हातानं पण चाळीसच ना?"

"तुझ्या हातानं चाळीस. पण तू काठापासून लांब हो."

काम संपलं होतं. पण पत्रात दोन मुद्दे होते आणि मला नानांनीच शिकवलेलं होतं. मी विचारलं, "राहिलं काय?"

नानांनी टेप गुंडाळायला सुरुवात केली.

"सांग ना," अक्का म्हणाल्या. आवाज आता वेगळा होता. "एवढं मोठं लिहिलं. खोड लिहिलं, सोपट लिहिलं, गाय लिहिला. ‘वर आलो’ म्हने. कसा आला रे तू वर?"

नाना टेप गुंडाळत राहिले.

"पोरीनं वाचून दाखवलं मले. मी म्हनलं, आता माझं नाव येईन, आता येईन. संपलाच लेख." त्यांनी पदराने काठावरची धूळ झटकली आणि तिथे बसल्या. "इसरला असशीन. म्हातारपन आहे."

"विसरलो नाही."

"मंग?"

"तू शप्पथ घातली व्हती."

अक्कांनी मान वर केली. "कवा?"

"इथीच. तू जिथी बसली तिथी. गयाची शप्पथ. कोनाले सांगायचं नही. बापूले नही, मायले नही, कोनालेच नही."

"ते त्या दिवसापुरतं रे!"

"तू तसं नही म्हनली. तू ‘सुटली’ म्हनलीच नही."

ज्यांचं लहानपण मराठीत गेलं आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. गळ्याला हात लावून घातलेली शपथ आपोआप सुटत नाही. जिने घातली तिने ‘सुटली’ म्हणावं लागतं. ती म्हणेपर्यंत तोंड उघडलं तर जिच्या गळ्याची शपथ, तिला धोका. नऊ वर्षांच्या मुलांना हा नियम पाठ असतो. मोठेपणी लोक तो विसरतात. नाना नियम विसरत नसत.

अक्कांनी बोटांवर हिशेब केला.

"बासष्ट वर्सं?" त्यांनी विचारलं.

"मोजली आहेत," नाना म्हणाले.

मग अक्का हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. मुलगी घाबरून त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि भावाला म्हणाल्या, "सुटली रे बाप्पा. सुटली, सुटली."

तेव्हा नानांनी सांगितलं. क्रमाने, जसं ते बातमीदारांना सांगायला लावत. उडी बरोबर पडली. तळ लागला. मूठ भरली. वर यायला पाय मारला, तर तळाशी पडलेल्या मोटेच्या जुन्या नाड्यात, दोरखंडात, तो अडकला. वर बाकीची मुलं आकडे मोजत होती. भाकरी घेऊन आलेली अक्का तेव्हा तेरा वर्षांची. मुलं पन्नासच्या पुढे गेल्यावर तिने भाकरीचं फडकं खाली ठेवलं आणि परकरासह उडी मारली. नाडा सोडवला, केस धरून भावाला वर आणलं. त्याची मूठ तेव्हाही बंद होती.

"पण तुम्हाला पोहता येत होतं?" मी अक्कांना विचारलं.

"तेच तं!" अक्का म्हणाल्या. "पोरीनं येहेरीत उतरायचं नही, असं व्हतं. पोरं जेवाले घरी गेली का मी उतरे. कोनाले ठाऊक नही. खोड बांधलं नही, काही नही, पायऱ्या धरून धरून शिकली. बापूले समजलं असतं तं मले मयात येनं बंद झालं असतं. म्हनून घातली शप्पथ. त्या बाकीच्या पोऱ्यांलेबी घातली. मायले सांगतलं, पाटात पडली."

"मग पुढे पोहलात का?"

"लगीन झालं. मंग कोन पोहते?" त्यांनी विहिरीत डोकावलं. "एकच उडी. पन मोठी व्हती."

"तीस हात," नाना म्हणाले. "चाळीस हात."

त्यांनी कागद उलटा केला आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला लागले. एकही शब्द खोडला नाही. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे दिला. तो मजकूर दोन दिवसांनी चौथ्या पानावर आला. त्यासाठी चौकट दुप्पट करावी लागली.

‘दुरुस्ती: रविवार पुरवणीतील “तळ” या लेखात विहिरीची खोली चाळीस हात दिली होती. ती बरोबर आहे. हात लेखकाचे, वय वर्षे नऊ. त्याच लेखात “वर आलो” असे छापले गेले. तेथे “वर काढला गेलो” असे वाचावे. काढणारी सुमनअक्का, वय वर्षे तेरा. नाव राहून गेले याबद्दल दिलगीर आहोत.’

संपादकांनी फोन करून विचारलं, ही दुरुस्ती नानांच्या नावावर धरायची का. नाना म्हणाले, "अर्धी."

त्या पावसाळ्याआधीच नाना गावाहून परस्पर मुलाकडे नाशिकला राहायला गेले. कार्यालयातली खुर्ची तिथेच आहे, पट्टीही आहे. सकाळी साडेसातला त्यांचा फोन येतो: पान चार, तिसरा स्तंभ, दुसरी ओळ. नमस्कार वगैरे नसतो. आकाशवाणीसारखी चूक सांगतात आणि फोन ठेवतात.

पण त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या विहिरीवर. ते दोन दिवस बहिणीकडे राहणार होते, मला दुपारची गाडी गाठायची होती. मळ्याच्या फाटकाशी रिक्षा उभी होती. "येतो" म्हणालो, तर नाना म्हणाले, "स्वल्पविराम." रिक्षात बसताना मागे वळून पाहिलं. मुलगी केळीच्या सावलीत उभी राहून आपल्या हाताने टेपवर काहीतरी मोजत होती. अक्का मोटेच्या दगडी काठावर बसल्या होत्या, पाय विहिरीत सोडून, तेरा वर्षांची मुलगी बसेल तशा. नाना दीड हात मागे उभे होते आणि त्यांनी अक्कांचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

"मांगे सरक, अक्का. काठावर नको बसू."

"सोड रे. पानी कुठी आहे आता त्याच्यात?"

"म्हनूनच."